पेशीवरचा एकच केस आणि लहान मेंदूतील गाठ

पॅरामेशियमची आकृती आपण सर्वांनी कधी ना कधी काढलेली असते. चपलेच्या तळव्यासारखा आकार, आत एक मोठे व एक लहान केंद्रक आणि कडेने सगळीकडे बारीक बारीक रेघा. या रेघा म्हणजे पक्ष्माभिका. वल्ह्यांप्रमाणे त्या एका तालात हलतात आणि पॅरामेशियम पाण्यात पुढे सरकतो. आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावरही अशाच पक्ष्माभिका असतात. धूळ अडकलेला चिकट द्रव त्या सतत घशाकडे लोटत राहतात. पाठ्यपुस्तकातील पक्ष्माभिकांची ओळख बहुधा येथेच संपते.

परंतु आपल्या शरीरात आणखी एका प्रकारची पक्ष्माभिका असते. ती हलत नाही, काही लोटत नाही आणि एका पेशीला एकच असते. रक्तपेशींसारखे काही अपवाद सोडले तर शरीरातील बहुतेक प्रकारच्या पेशींवर ती आढळते. तिला प्राथमिक पक्ष्माभिका म्हणतात. तिची लांबी काही मायक्रोमीटर आणि जाडी साधारण पाव मायक्रोमीटर, म्हणजे डोक्यावरील केसाच्या जाडीच्या दोनशे-तीनशे भागांपैकी एक भाग. एवढ्याशा या केसाचा लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या एका कर्करोगाशी निकटचा संबंध आहे. हा संबंध मात्र सरळसोट नाही. काही गाठींना वाढण्यासाठी हा केस हवा असतो, तर काही गाठी तो नसेल तरच वाढतात. असे का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊन सुरुवात करू या.

निरुपयोगी ठरवलेला अवयव

झिमरमन या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या अनेक ऊतींमध्ये या एकुलत्या पक्ष्माभिकेचे वर्णन केले. तिचे काम संवेदनेचे असावे, असा तर्कही त्याने केला होता. पुढे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर तिची अंतर्गत रचना दिसू लागली. हलणाऱ्या पक्ष्माभिकेचा आडवा छेद घेतला तर परिघावर सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी आणखी दोन नलिका दिसतात. प्राथमिक पक्ष्माभिकेत परिघावरच्या नऊ जोड्या असतात, पण मधल्या दोन नलिका नसतात. हालचालीसाठी लागणारे डायनीन या प्रथिनाचे हातही या जोड्यांना नसतात. सोरोकिन या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये तिला 'प्राथमिक' हे नाव दिले. जी हलत नाही तिचा उपयोग काय, असा विचार करून अनेकांनी तिची गणना उत्क्रांतीच्या ओघात मागे राहिलेल्या अवशेषांत केली. माणसाच्या आंत्रपुच्छासारखी तिची गत झाली.

हे मत बदलण्यास एका शैवालाची मदत झाली. क्लॅमिडोमोनास हे गोड्या पाण्यातील एकपेशीय हरित शैवाल दोन कशाभिकांच्या साहाय्याने पोहते. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९९३ मध्ये या कशाभिकांचे निरीक्षण करताना, त्यांच्या आत बारीक कण टोकाकडे जाताना आणि परत येताना दिसले. कशाभिकेत प्रथिने तयार होत नाहीत. त्यामुळे बांधकामाचे सामान पेशीतून वर न्यावे लागते आणि वापरलेले खाली आणावे लागते. या वाहतुकीसाठी लागणाऱ्या प्रथिनांची जनुके शोधली गेली. २००० मध्ये असे लक्षात आले की त्यांपैकी एका जनुकाचा भाऊबंद उंदरातही आहे आणि त्यात बिघाड झाला की उंदराच्या मूत्रपिंडात पाण्याच्या पुटकुळ्या भरतात. त्या मूत्रपिंडातील पेशींच्या प्राथमिक पक्ष्माभिका आखूड राहिलेल्या होत्या. 'अवशेष' मानलेला अवयव बिघडल्यावर आजार होत असेल, तर त्याला काही काम असलेच पाहिजे.

ते काम म्हणजे बाहेरचे निरोप टिपणे. पूर्वी घराघरांच्या छपरावर दूरदर्शनसाठी अँटेना असे, तशी ही पक्ष्माभिका पेशीच्या पृष्ठभागावर उभी असते. आपल्या डोळ्यातील प्रकाशग्राही पेशींचा प्रकाश टिपणारा भाग हीसुद्धा रूप बदललेली पक्ष्माभिकाच आहे. अँटेनाची उपमा एका बाबतीत मात्र अपुरी पडते. अँटेना संदेश नुसता टिपतो. पक्ष्माभिकेत तो टिपला जातो आणि त्यावर बरीच प्रक्रियाही तेथेच होते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

लहान मेंदू कसा घडतो

मेंदूच्या मागच्या बाजूस, खाली, अनुमस्तिष्क असते. त्यालाच आपण लहान मेंदू म्हणतो. तोल सांभाळणे, हालचालींत मेळ राखणे ही त्याची कामे विद्यार्थ्यांना माहीत असतात. त्याच्या आकाराकडे पाहून एक गोष्ट मात्र लक्षात येत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात असतात. यांतील बहुसंख्य पेशी अतिशय लहान असून त्यांना कणिका पेशी म्हणतात.

एवढ्या पेशी तयार करायच्या म्हणजे विभाजनाचा वेगही तसाच हवा. गर्भावस्थेत कणिका पेशींच्या पूर्वज पेशी अनुमस्तिष्काच्या पृष्ठभागावर पसरतात आणि तेथे भराभर विभाजित होतात. माणसात हे काम जन्मानंतरही अनेक महिने चालू राहते. पुरेशा पेशी तयार झाल्या की त्या विभाजन थांबवतात, आतल्या थरात उतरतात आणि चेतापेशी म्हणून कामाला लागतात. पृष्ठभागावरचा तो थर मग नाहीसा होतो.

'विभाजित होत राहा' हा निरोप या पूर्वज पेशींना कोण देते? त्यांच्या खालच्या थरात असलेल्या मोठ्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या पुर्किन्ये पेशी. त्या 'सॉनिक हेजहॉग' नावाचे प्रथिन स्रवतात. अनुमस्तिष्कातील त्याची ही कामगिरी १९९९ मध्ये स्पष्ट झाली. प्रत्येक पूर्वज पेशीवर एक प्राथमिक पक्ष्माभिका असते आणि हा निरोप तिच्यामार्फतच घेतला जातो. उंदराच्या पिल्लांत या पेशींच्या पक्ष्माभिका तयारच होऊ दिल्या नाहीत तर पूर्वज पेशींची संख्या वाढत नाही आणि अनुमस्तिष्क खुरटलेले राहते. उलट, कामाला लागलेल्या प्रौढ कणिका पेशींवर पक्ष्माभिका सहसा आढळत नाही. वाढीचा निरोप आता नको, म्हणून जणू पेशी अँटेनाच उतरवून ठेवते.

हेजहॉगचा निरोप आत कसा पोहोचतो

आधी या विचित्र नावाविषयी. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीत उत्परिवर्तने घडवून, भ्रूणाची जडणघडण कोणत्या जनुकांवर अवलंबून असते याचा शोध घेतला. हे काम १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. एका जनुकात बिघाड झालेल्या अळीच्या अंगावर सगळीकडे दाट काटे दिसत. म्हणून त्या जनुकाला हेजहॉग या काटेरी प्राण्याचे नाव मिळाले. दोघांना १९९५ मध्ये एडवर्ड लुइस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पृष्ठवंशीय प्राण्यांतील अशाच एका जनुकाला १९९३ मध्ये संगणकीय खेळातील एका पात्राच्या नावावरून 'सॉनिक हेजहॉग' म्हटले गेले.

निरोप आत पोहोचवण्याच्या कामात तीन पात्रे मुख्य आहेत. पहिले 'पॅच्ड'. हा पक्ष्माभिकेच्या दारातला पहारेकरी. दुसरे 'स्मूदन्ड'. याला पक्ष्माभिकेत शिरायचे असते, पण पॅच्ड त्याला तसे करू देत नाही. तिसरे 'ग्ली'. हा निरोप घेऊन केंद्रकाकडे जाणारा जासूद. १९८७ मध्ये ग्लायोमा या मेंदूतील गाठीत हे जनुक प्रथम सापडले, म्हणून त्याचे नाव ग्ली. या कुटुंबात तीन भाऊ आहेत: ग्ली-१, ग्ली-२ आणि ग्ली-३.

बाहेर हेजहॉग नसते तेव्हा पॅच्ड पक्ष्माभिकेत असते आणि स्मूदन्ड बाहेर. अशा वेळी पक्ष्माभिकेतून ये-जा करणाऱ्या ग्लीवर, विशेषतः ग्ली-३ वर, पक्ष्माभिकेच्या बुडाशी फॉस्फेटचे गट चिकटवले जातात आणि नंतर त्याचा एक भाग कापला जातो. कापलेले, आखूड ग्ली केंद्रकात जाते आणि विभाजनाची जनुके बंद ठेवते. म्हणजे ते रोधक बनते. हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटले की चित्र बदलते. पॅच्ड पक्ष्माभिकेतून बाहेर पडते, स्मूदन्ड आत शिरते, ग्ली पक्ष्माभिकेच्या टोकाशी गोळा होते, न कापता सुटते आणि केंद्रकात जाऊन तीच जनुके चालू करते. म्हणजे ते प्रेरक बनते.

हे सारे पक्ष्माभिकेत घडते याची पहिली चाहूल २००३ मध्ये लागली. न्यूयॉर्कमध्ये कॅथरीन अँडरसन आणि सहकारी उंदरांच्या सदोष भ्रूणांचा अभ्यास करत होते. हेजहॉगचा संदेश बिघडलेल्या काही भ्रूणांत दोष सापडला तो क्लॅमिडोमोनासमध्ये माहीत झालेल्या वाहतुकीच्या जनुकांत! शैवालाच्या कशाभिकेतील वाहतूक आणि उंदराच्या मेंदूची घडण यांचा असा सांधा जुळला. स्मूदन्ड पक्ष्माभिकेत शिरते हे २००५ मध्ये आणि पॅच्ड तेथून बाहेर पडते हे २००७ मध्ये दाखवले गेले.

येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवावी. पक्ष्माभिकेत 'चालू' करणारे ग्ली तयार होते आणि 'बंद' करणारे ग्लीही तेथेच तयार होते. गाडीचा वेगवर्धक आणि ब्रेक दोन्ही एकाच जागी बसवलेले आहेत.

थांबायला विसरलेल्या पेशी

मेड्युलोब्लास्टोमा ही अनुमस्तिष्कात होणारी गाठ लहान मुलांतील मेंदूच्या घातक गाठींपैकी सर्वाधिक आढळणाऱ्यांत गणली जाते. बेली आणि कुशिंग यांनी १९२५ मध्ये तिला हे नाव दिले. 'मेड्युलोब्लास्ट' नावाच्या मूळ पेशीपासून ती होते अशी त्यांची कल्पना होती. तशी पेशी पुढे कोणाला सापडली नाही, पण नाव टिकले.

आज आपल्याला माहीत आहे की ही गाठ म्हणजे एकच आजार नव्हे. पेशींतील रेणूंच्या घडामोडी पाहून २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे चार मुख्य गट मान्य केले. त्यांपैकी एक गट हेजहॉगचा आहे. सर्व मेड्युलोब्लास्टोमांपैकी साधारण पाव ते तीस टक्के गाठी या गटात मोडतात. तीन वर्षांखालील मुलांत आणि प्रौढांत त्याचे प्रमाण अधिक असते. या गटातील गाठी कणिका पेशींच्या पूर्वज पेशींपासून होतात. विभाजन थांबवण्याची वेळ आली तरी काही पेशी थांबत नाहीत. बाहेरून निरोप येवो न येवो, आतमध्ये तो आल्यासारखेच वर्तन चालू राहते.

याचा पुरावा एका आनुवंशिक विकारातून मिळाला. गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णन केलेल्या विकारात त्वचेचे अनेक कर्करोग होतात आणि काही मुलांना मेड्युलोब्लास्टोमा होतो. या कुटुंबांत पॅच्ड जनुकाची एक प्रत सदोष असते असे १९९६ मध्ये आढळले. पहारेकरीच कामावर नाही, मग स्मूदन्डला कोण अडवणार? पुढच्याच वर्षी पॅच्डची एक प्रत सदोष असलेल्या उंदरांत मेड्युलोब्लास्टोमा होतो हे दाखवण्यात आले. कुटुंबात असा विकार नसलेल्या मुलांच्या काही गाठींतही पॅच्डचा बिघाड सापडला.

अर्थात साखळीत बिघाड कोठेही होऊ शकतो. काही गाठींत पॅच्ड नाहीसे झालेले असते. काहींत स्मूदन्ड स्वतःच बदललेले असते आणि पहारेकऱ्याला जुमानत नाही. काहींत ग्लीला धरून ठेवणारे 'सुफू' हे प्रथिन नसते, तर काहींत ग्ली-२ जनुकाच्या प्रती फार वाढलेल्या असतात. पक्ष्माभिकेत हेजहॉगचा मार्ग बंद ठेवण्यास मदत करणाऱ्या 'जीपीआर १६१' या ग्राहीचे जनुक जन्मतः सदोष असणे हेही काही तान्ह्या मुलांतील गाठींचे कारण असल्याचे २०२० मध्ये दाखवण्यात आले.

वर्गात घालण्याजोगे कोडे

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे थांबवून एक प्रश्न विचारता येईल. फळ्यावर क्रमाने लिहावे: हेजहॉग, पॅच्ड, स्मूदन्ड, पक्ष्माभिका, ग्ली, केंद्रक. मग दोन प्रकारचे उंदीर समोर ठेवावेत. पहिल्यात कायम चालू राहणारे स्मूदन्ड घातले आहे. दुसऱ्यात कायम चालू राहणारे ग्ली-२ घातले आहे. आता दोन्हींच्या पूर्वज पेशींवरील पक्ष्माभिका काढून टाकल्या. गाठीचे काय होईल?

पहिल्या उंदराचे उत्तर बहुतेक विद्यार्थी बरोबर देतील. स्मूदन्डला काम करायला पक्ष्माभिका लागते. ती नाही म्हणजे निरोप पुढे जाणार नाही, म्हणून गाठ होणार नाही. दुसऱ्या उंदराविषयी बहुधा उत्तर येईल, 'काही फरक पडणार नाही. ग्ली-२ आधीच चालू आहे, त्याला पक्ष्माभिकेची गरज नाही.' हे उत्तर तर्काला धरून असले तरी चुकीचे आहे.

हा प्रयोग प्रत्यक्षात झाला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या प्रकारच्या उंदरांत पक्ष्माभिका काढल्यावर गाठ झाली नाही. दुसऱ्या प्रकारच्या उंदरांत मात्र पक्ष्माभिका असताना गाठ होत नव्हती आणि ती काढल्यावर झाली! त्याच वर्षी त्वचेच्या एका कर्करोगातही असाच दुहेरी प्रकार दिसून आला.

कारण वर सांगितलेल्या एका वाक्यात आहे. 'बंद' करणारे ग्ली-३ सुद्धा पक्ष्माभिकेतच तयार होते. दुसऱ्या उंदरात वेगवर्धक दाबलेला होता, पण ब्रेकही लागलेला होता. पक्ष्माभिका गेल्याबरोबर ब्रेक गेला आणि पेशी सुसाट सुटल्या. 'काही फरक पडणार नाही' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोणती गोष्ट गृहीत धरली हे शोधायला सांगावे. पक्ष्माभिका फक्त निरोप पुढे पाठवते, असे त्याने धरले होते.

याच अभ्यासात माणसांच्या गाठीही तपासल्या गेल्या. मेड्युलोब्लास्टोमाच्या काही प्रकारांत पक्ष्माभिका आढळल्या, इतरांत नाहीत. म्हणजे एखाद्या गाठीत पक्ष्माभिका आहे की नाही, यावरून बिघाड साखळीत कोठे असेल याचा काही अंदाज बांधता येतो. 'पक्ष्माभिका नष्ट करा म्हणजे गाठ बरी होईल' असा सोपा उपाय मात्र यातून निघत नाही. एका मुलाला जो उपाय तारेल तोच दुसऱ्याला मारक ठरू शकेल.

मेंढ्यांपासून औषधापर्यंत

अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात मेंढपाळांना एका विचित्र प्रकाराने ग्रासले. कपाळावर एकच डोळा असलेली कोकरे जन्माला येऊ लागली. गाभण मेंढ्यांनी डोंगरात उगवणारी एक लिलीसारखी वनस्पती खाल्ली की असे होते, हे शोधून काढण्यात आले. तिच्यातील विषाला ग्रीक कथांमधील एकाक्ष राक्षसावरून सायक्लोपामाइन हे नाव पडले. हे विष हेजहॉगचा मार्ग अडवते हे १९९८ च्या सुमारास आणि ते नेमके स्मूदन्डला चिकटते हे २००२ मध्ये समजले. जे भ्रूणाची वाढ अडवते ते गाठीची वाढही अडवेल, या विचाराने स्मूदन्डला चिकटणारी नवी औषधे बनवली गेली. त्यांपैकी व्हिस्मोडेगिबला अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये त्वचेच्या एका कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

मेड्युलोब्लास्टोमात या औषधाचा अनुभव २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरभर पसरलेल्या गाठी असलेल्या एका तरुण रुग्णात त्या झपाट्याने विरल्या, पण काही महिन्यांतच पुन्हा उगवल्या. स्मूदन्डमध्ये एका ठिकाणी बदल झाला होता आणि औषध त्याला चिकटेनासे झाले होते. आणखी एक पळवाट २०१७ मध्ये उंदरांच्या गाठींतील पेशींत दिसली. औषधाखाली टिकून राहिलेल्या काही पेशींनी पक्ष्माभिकाच गमावल्या होत्या. वरचे कोडे सोडवलेल्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. पक्ष्माभिका नाही म्हणजे स्मूदन्डचे काम नाही आणि म्हणून स्मूदन्डवरील औषधाचेही काम नाही. अशा पेशी सावकाश वाढतात, पण मरत नाहीत. बिघाड स्मूदन्डच्या पुढे, सुफू किंवा ग्लीमध्ये असेल, तर हे औषध मुळातच निरुपयोगी ठरते.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांतून उंची वाढते आणि तेथील वाढीलाही हेजहॉग कुटुंबातील संदेश लागतो. हे औषध दिलेल्या काही मुलांत या पट्ट्या अकाली जुळून गेल्या आणि औषध थांबवल्यावरही उंची वाढली नाही. म्हणून ज्यांची हाडे अजून वाढत आहेत अशा मुलांत ते टाळले जाते. गाठ जी भाषा वापरते तीच भाषा वाढते शरीरही वापरते. बालपणीच्या कर्करोगावर औषध शोधणे अवघड का असते, याचे हे एक मोठे कारण आहे.

निदानाचे महत्त्व

आजही या गाठीचा मुख्य उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, त्यानंतर मेंदू व मेरुरज्जूवर किरणोपचार आणि रसायनोपचार. अगदी लहान मुलांत किरणोपचार शक्यतो टाळले जातात. गाठ पसरलेली नसेल आणि उपचार पूर्ण झाले तर चांगल्या केंद्रांमध्ये १०० पैकी ७० ते ८० मुले बरी होतात.

मग हे सारे रेणू आणि गट कशासाठी ओळखायचे? उपचार गरजेपुरताच देता यावा म्हणून. गॉर्लिनचा विकार असलेल्या मुलाला किरण दिले तर त्या भागातील त्वचेवर पुढे अनेक कर्करोग उद्भवतात. तेव्हा आधी जनुक तपासलेले बरे. याउलट, विंट नावाच्या दुसऱ्या एका संदेशाशी जोडलेल्या गटातील मुले बहुधा चांगली बरी होतात. त्यांना किरणांची मात्रा कमी करता येईल का, याचा अभ्यास चालू आहे. गट ओळखण्याच्या चाचण्या मात्र महाग असतात. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आहे. तेथील संशोधकांनी मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यांवरूनही गट ओळखता येईल अशी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडील रुग्णालयांत नमुने बहुधा याच स्वरूपात असतात, म्हणून अशा कामाचे मोल मोठे आहे.

शाळेच्या दृष्टीने

अनुमस्तिष्कात गाठ वाढली की दोन प्रकारची लक्षणे दिसतात. मेंदूतील द्रवाची वाट अडल्यामुळे डोक्यातील दाब वाढतो. त्यातून सकाळी उठल्यावर डोकेदुखी, उलट्या आणि एकाच्या दोन वस्तू दिसणे असे त्रास होतात. अनुमस्तिष्काचे काम बिघडल्यामुळे चालताना झोक जातो, हातातून वस्तू पडतात, अक्षर बिघडते. उलट्या होणाऱ्या मुलाला पित्ताचे औषध दिले जाते आणि अक्षर बिघडलेल्या मुलाला निष्काळजी म्हटले जाते. डोकेदुखी असलेल्या बहुतेक मुलांना गाठ नसते, हे खरेच. पण सकाळच्या उलट्या आणि तोल जाणे ही दोन्ही लक्षणे आठवडा-दोन आठवडे टिकून असतील आणि अक्षर किंवा चाल पूर्वीपेक्षा स्पष्टपणे बिघडली असेल, तर पालकांना मोठ्या रुग्णालयात जाण्यास सांगावे. मुलाची आधीची वही आणि आताची वही शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय शिक्षकाला असते, डॉक्टरांना ती नसते.

उपचार घेऊन वर्गात परतलेल्या मुलाकडेही वेगळे लक्ष द्यावे लागते. किरणांमुळे विचारांचा वेग मंदावू शकतो आणि स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. काही औषधांमुळे ऐकू कमी येते. उंची मागे राहू शकते. अशा मुलाला पहिल्या बाकावर जागा, लिहिण्यास जादा वेळ आणि फळ्यावरचे लिखाण कागदावर मिळाले तर ते पुष्कळ पुढे जाऊ शकते. आळस आणि आजाराचा परिणाम यांतला फरक आपण ओळखला पाहिजे.

शेवटी पालकांविषयी. मुलाला गाठ झाली की आईवडील स्वतःला दोष देतात: गर्भारपणी काही खाल्ले का, डोक्याला मार लागला का, कोणाची दृष्ट लागली का? थोड्या कुटुंबांत सदोष जनुक आईवडिलांकडून आलेले असते, आणि तेही कोणी निवडून दिलेले नसते. बहुतेक मुलांत मात्र अब्जावधी पेशी घडवण्याच्या घाईत एखाद्या पेशीच्या जनुकांत चूक राहून जाते. पेशीने अँटेना उतरवून कामाला लागायचे असते, त्याऐवजी ती विभाजित होत राहते. यात कोणाचा अपराध नसतो. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने एखाद्या खचलेल्या आईला एवढे समजावून सांगितले, तरी पक्ष्माभिकेचा हा धडा सार्थकी लागला म्हणायचा.